परमुलखाशी बोलण्याची रीत : हौशी रेडिओचे नियम



आजचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात एक शंका आली असेल. ज्याच्या त्याच्या खिशात आज मोबाईल आहे, अमेरिकेतल्या नातवाचा चेहरा आजीला ओसरीवर बसून दिसतो. मग परदेशातल्या अनोळखी माणसाशी रेडिओवरून बोलायचे कशाला, आणि त्याचे नियम तरी समजून घ्यायचे कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी शेवटी देणार आहे. ते उत्तर आपल्याच जिल्ह्यातले, उमरगा-लोहारा भागातले आहे, एवढेच आता सांगून ठेवतो.

परमुलखाशी व्यवहार ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आपले तेर हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावाने ग्रीक दर्यावर्दींना ठाऊक होते. तेथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून गलबतांनी पश्चिमेकडे. त्या व्यापाराच्या खुणा तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. परक्या बंदरात पाऊल ठेवायचे तर तेथली रीत आधी समजून घ्यावी लागते, हे शहाणपण त्या व्यापाऱ्यांना असल्यावाचून तो व्यापार चालला नसता. हौशी रेडिओचेही तसेच आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. आकाशवाणीवर एकजण बोलतो आणि लाखो लोक ऐकतात. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची सोय नसते. हौशी रेडिओत दोन्ही बाजूंना बोलण्याचा व ऐकण्याचा संच असतो, आणि दोन्ही बाजूंना साधी माणसे असतात. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणी कॉलेजातला विद्यार्थी. त्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. ‘हौशी’ हा शब्द येथे कायद्याचा आहे. या कामात पैशाचा संबंध येता कामा नये. शिकणे, प्रयोग करणे आणि एकमेकांशी संपर्क साधणे एवढाच त्याचा हेतू.

आता, आपल्या घरातला एक संच जपानपर्यंत पोचतो कसा? आपल्या डोक्यावर, साधारण दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांनी विद्युत्‌भारित झालेला हवेचा एक विरळ थर आहे. ठरावीक लांबीच्या रेडिओलहरी त्याच्यावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे वळतात, पृथ्वीवरून पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या मारीत समुद्र ओलांडतात. चाळीस मीटरच्या लहरी रात्री दूर जातात, वीस मीटरच्या बहुधा दिवसा आणि संध्याकाळी. आणि सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमीजास्त होतात तसा हा सारा खेळ बदलतो. शंभर वॅटचा संच, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या दिव्याएवढी शक्ती, आणि दोन खांबांमध्ये बांधलेली वीस मीटर लांबीची तार, एवढ्या सामग्रीवर युरोपातला माणूस आपले बोलणे ऐकू शकतो.

येथेच नियमांचा उगम आहे. लहरीला सीमा कळत नाही. माणसाला पासपोर्ट लागतो, मालाला जकात लागते. पण या लहरीला अडविणारे नाके कोणत्याही सरकारजवळ नाही. एखाद्या खासगी माणसाने रात्री बसून परक्या देशात काय बोलावे, हे सरकारने त्याच्या भरवशावर सोडायचे म्हणजे मोठाच विश्वास झाला. सरकारे असा विश्वास सहजासहजी टाकीत नाहीत. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओवाल्यांना आपले प्रक्षेपक सरकारजमा करावे लागले होते. म्हणून परदेशाशी बोलण्याचे जे नियम आहेत ते, माझ्या मते, या विश्वासाचे करारपत्र आहे. त्या दृष्टीने पाहिले म्हणजे वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या कलमांचा अर्थ उलगडतो.

पहिली अट परवान्याची. बोलण्याचा संच चालविण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात रेडिओचे शास्त्र आणि रेडिओचे नियम असे दोन्ही विषय असतात. १९७८ साली आपल्या सरकारने या सेवेचे सविस्तर नियम केले. बारा वर्षांचा मुलगाही परीक्षेला बसू शकतो. उत्तीर्ण झालेल्यास एक संकेतनाम मिळते, ते जगात दुसऱ्या कोणाचे नसते. भारतातल्या हॅमचे संकेतनाम सामान्यतः ‘व्ही.यू.’ या अक्षरांनी सुरू होते. ‘जे.ए.’ ऐकले की जपान, ‘डी.एल.’ ऐकले की जर्मनी, ‘व्ही.के.’ ऐकले की ऑस्ट्रेलिया, ‘फोर एस.’ ऐकले की श्रीलंका. नुसत्या आद्याक्षरांवरून हाक कोणत्या मुलखातून आली ते कळते. हे संकेतनाम बोलण्याच्या आरंभी, शेवटी आणि मधूनमधून सांगितलेच पाहिजे. निनावी बोलणे हा या क्षेत्रातला पहिला अपराध होय.

आता देशादेशांमधल्या संभाषणाचे खास नियम पाहू. ते राष्ट्राराष्ट्रांनी मिळून केलेले आहेत. १९२५ साली पॅरिस येथे हौशी मंडळींचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १८ एप्रिल हा दिवस त्याची आठवण म्हणून जगभर पाळतात. पुढे १९२७ साली वॉशिंग्टन येथे रेडिओविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने हौशी केंद्रांना नियमांत स्थान दिले. त्या वेळी घातलेल्या चौकटीचा सांगाडा आजही कायम आहे.

पहिले कलम असे : दोन देशांतले हॅम एकमेकांशी बोलू शकतात, मात्र त्यांपैकी एखाद्या देशाच्या सरकारने हरकत कळविलेली असेल तर बोलता येत नाही. म्हणजे परवानगी हा नियम आणि बंदी हा अपवाद. यजमानाने दार लावून घेतले असेल तर पाहुण्याने खिडकीतून डोकावू नये, इतका हा साधा विचार आहे.

दुसरे कलम : बोलणे उघड भाषेत असावे. अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. येथे कोणी विचारतात, मोर्सची ‘कट्ट कड’ ही सांकेतिक भाषा नव्हे काय? नव्हे. ती सर्वांना शिकण्यास मोकळी आहे. ती लिपी आहे, कुलूप नव्हे. तीच गोष्ट मराठीची. शिकागोतल्या मराठी हॅमशी धाराशिवच्या हॅमने मराठीत गप्पा मारल्या तर त्यात काही गैर नाही. मराठी ही गुप्त भाषा नव्हे!

तिसरे कलम सर्वांत मौजेचे आहे. आपल्या प्रयोगांविषयी बोलावे आणि त्याखेरीज किरकोळ खासगी गोष्टी बोलाव्यात. जुन्या नियमाने तर असे म्हटले होते की या गोष्टी इतक्या क्षुल्लक असाव्यात की त्यांच्यासाठी तारेचा खर्च करणे रास्त ठरू नये. महत्त्वाचे बोलू नका, क्षुल्लकच बोला, असे सांगणारा कायदा दुसरा क्वचितच सापडेल. कारण उघड आहे. त्या काळी तारखाते हे सरकारांच्या उत्पन्नाचे साधन होते. फुकट रेडिओने त्याचे गिऱ्हाईक पळवू नये ही काळजी होती. २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेत तो शब्दप्रयोग गेला. आपल्याकडची तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण आशय उरला आहे : हवामान, संच, तार, आपले गाव, आपले नाव, प्रकृतीची विचारपूस, एवढ्यात संभाषण ठेवावे. धंद्याचा सौदा, जाहिरात, गाणीबजावणी यांस येथे मज्जाव आहे. आपल्या १९७८च्या नियमांनी त्यात राजकीय वादाचे विषय, असभ्य भाषा आणि परराष्ट्रांशी असलेल्या मैत्रीला बाध येईल असा मजकूर यांचीही भर घातली. ज्या गोष्टींवरून सख्खे शेजारी भांडतात त्या सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी पहिल्या भेटीत काढू नयेत, हे घरातली वडीलधारी माणसेही सांगतात.

चौथे कलम तिऱ्हाइताच्या निरोपाचे. हॅमने स्वतःचे बोलावे; दुसऱ्या कोणाचा निरोप परदेशी पोचवू नये. शेजारच्या काकूंनी सांगितले, “माझा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, त्याला तेवढे कळव,” तर मन मोडूनही नाही म्हणावे लागते. मुलाने तेथे आणि काकूंनी येथे परीक्षा देऊन परवाना काढला तर प्रश्नच नाही! तसेच येथला हॅम परदेशी गेला तर तेथल्या सरकारची परवानगी मिळेपर्यंत त्याने तेथे बोलायचे नाही. या चौथ्या कलमाला एक अपवाद आहे. तो मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवतो.

याखेरीज दोन बंधने सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. एक, आपल्यासाठी नसलेला एखादा संदेश कानावर पडला तर त्याचा बोभाटा करायचा नाही. दुसरे, रोजनिशी ठेवायची. कोणाशी, किती वाजता, कोणत्या लहरीवर बोललो ते लिहून ठेवायचे. परदेशाशी बोलताना वेळ कोणाची धरावी हा प्रश्न येतो. आपल्याकडे रात्र तर तेथे दुपार. म्हणून सर्व हॅम एकच जागतिक वेळ मानतात, आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. आपल्या रात्रीच्या साडेआठला रोजनिशीत दुपारचे तीन लिहायचे.

हे झाले लिखित नियम. आता शिष्टाचार सांगतो. शिष्टाचार मोडला तर दंड होत नाही. पण परमुलखात आपल्या देशाचे नाव त्यावरूनच ठरते.

रेडिओची लहर म्हणजे गावचा पाणवठा. तो कोणाच्या मालकीचा नाही, म्हणूनच प्रत्येकाने पाळीने भरायचे. आपला जिल्हा दुष्काळाचा. पाण्याच्या रांगेत कसे वागावे हे आपल्या भगिनींना मी सांगण्याची गरज नाही. तेव्हा बोलण्याआधी ऐकावे, बराच वेळ ऐकावे. लहर मोकळी वाटली तरी “ही जागा कोणी वापरते आहे काय?” असे विचारावे, कारण दोघांपैकी एकाचाच आवाज आपल्यापर्यंत पोचत असेल. उत्तर आले नाही तर मग हाक घालावी : “सी. क्यू., सी. क्यू., सी. क्यू.” आणि त्यापुढे आपले संकेतनाम. ‘सी. क्यू.’ याचा अर्थ, जो कोणी ऐकत असेल त्याला ही हाक आहे.

समजा, त्या हाकेला जर्मनीतून उत्तर आले. तो आपले संकेतनाम उच्चारील आणि मग स्वतःचे. खरखरीत ‘बी’ आणि ‘डी’ यांत फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक ठरीव शब्द आहे : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. मग दोघेही एकमेकांना आवाज कसा येतो ते अंकांत सांगतात. पहिला अंक स्पष्टतेचा, पाचापैकी. दुसरा जोराचा, नवांपैकी. मोर्स असेल तर नादाचा तिसरा अंक. हा अंक खरा सांगावा. भिडेखातर सगळ्यांना ‘पाच-नऊ’ देत सुटणे म्हणजे परीक्षेत सगळ्यांना पहिला वर्ग देण्यासारखे आहे. समोरच्याला आपली तार नीट बांधली की नाही हे कधी कळणारच नाही. नंतर नाव, गाव, हवामान. एखादे दूरचे, दुर्मिळ केंद्र बोलत असेल तर शेकडो लोक त्याला एकदम हाका मारतात. अशा वेळी त्याने कोणाला बोलाविले ते ऐकावे आणि आपली पाळी नसेल तर गप्प बसावे. सर्वांत मोठ्याने ओरडणारा जिंकत नाही, ऐकणारा जिंकतो. संभाषण संपविताना ‘त्र्याहत्तर’ म्हणतात. तारयंत्रवाल्यांच्या जुन्या अंकभाषेत त्याचा अर्थ ‘स्नेहपूर्वक नमस्कार’ असा होतो.

यानंतर टपालाने एक कार्ड पाठवायचे. त्यावर दोघांची संकेतनामे, तारीख, जागतिक वेळ, लहर आणि आवाजाचे अंक असतात. झालेल्या भेटीची ती पावती. अशी कार्डे हॅम लोक जन्मभर जपून ठेवतात. आता संगणकावरूनही अशी पावती देतात; पण जपानहून आलेले रंगीत कार्ड पोस्टमनने आपल्या दारात आणून द्यावे, यातली गोडी निराळीच.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळतो. क्षुल्लक बोलायचे, दुसऱ्याचा निरोप घ्यायचा नाही, राजकारण नको, व्यापार नको. मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय?

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दिवस. गणपती पोचवून आपल्या भागातले लोक उशिरा निजले होते. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. त्या भूकंपाला जग किल्लारीच्या नावाने ओळखते. किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण १९८२ साली लातूर वेगळा होईपर्यंत तेही आपल्याच जिल्ह्यातले गाव होते. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी आणि आसपासच्या गावांवर काय ओढवले ते या सभेत बसलेल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. दगडमातीच्या जाडजूड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्यांचे आप्त मुंबई-पुण्यात किंवा परदेशात होते त्यांच्या मनात एकच प्रश्न होता : आमचे लोक आहेत की नाहीत?

त्या दिवसांत हौशी रेडिओवाले आपले संच घेऊन या भागात आले आणि मदतकार्याचे निरोप पोचविण्यास त्यांनी हात लावला. त्यांना वेगळे शिक्षण कोणी दिले नव्हते. जे शिक्षण होते ते त्या क्षुल्लक गप्पांतूनच झालेले होते. मघाशी सांगितलेले नियम पुन्हा एकदा मनात आणून पाहा. आधी ऐका आणि मग बोला, हा नियम पाळला नाही तर दहा गावांचे निरोप एकमेकांवर आदळतात आणि एकही पोचत नाही. नाव अक्षर-अक्षर सांगा, हा नियम पाळला नाही तर एका घरची मृत्यूची वार्ता दुसऱ्याच घरी जाते. वेळ लिहून ठेवा, हा नियम पाळला नाही तर सकाळची मागणी कोणती आणि संध्याकाळची कोणती हे कळत नाही. उघड भाषेत बोला, कारण ऐकणारा कोण असेल हे सांगता येत नाही. कानावर पडलेले बाहेर बोलू नका, कारण ढिगाऱ्याखालच्या माणसाचे नाव त्याच्या आईच्या आधी चावडीवर पोचू नये. शांततेच्या काळात जे नियम पोरखेळ वाटतात ते संकटात असे माणुसकीचे ठरतात.

राहिला तो चौथ्या कलमाचा अपवाद. १९९३ साली आंतरराष्ट्रीय नियमांच्या मूळ कलमात तिऱ्हाइताच्या निरोपाला मनाई होती. देशादेशांनी आपसांत वेगळा करार केला असेल तरच सूट मिळे. २००३च्या परिषदेने ते कलम बदलले. आता संकटकाळी आणि आपत्तिनिवारणाच्या कामी हॅमला दुसऱ्याचा निरोपही देशाबाहेर पोचविता येतो. काकूंचा निरोप एरवी नाकारणारा कायदा त्या एका रात्री स्वतःच दार उघडून देतो.

पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली. अंदमानात १९८७ पासून हौशी रेडिओ बंद होता. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम भगिनी सरकारची परवानगी घेऊन एका पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या. जगभरचे हॅम या दुर्मिळ केंद्राशी एक संभाषण व्हावे म्हणून धडपडत होते. नाव, अंक, नमस्कार, बस एवढेच ते बोलणे. २६ डिसेंबरच्या सकाळी समुद्र उसळला. त्सुनामीने बेटांवरची दळणवळणाची साधने कोलमडली. त्याच क्षुल्लक गप्पांचा संच आता हरवलेल्यांची चौकशी करू लागला आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागला. संच तोच होता, आणि चालविणारे हातही सरावलेले होते. नवे शिकण्यास त्या सकाळी वेळ नव्हता.

तेव्हा मोबाईल असताना हे कशाला, या प्रश्नाचे उत्तर असे. मोबाईलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि भूकंप दोन्ही पाडतो. हॅमला मोटारीची एक बॅटरी, एक तार आणि दोन बांबू पुरतात. परंतु ही सामग्री बाजारात मिळते. तिच्यामागचा सराव बाजारात मिळत नाही. तो रोज संध्याकाळी, परक्या देशातल्या एका अनोळखी माणसाला हवामान विचारून, त्याचा आवाज खरा किती येतो ते सांगून, वेळ लिहून आणि शेवटी नमस्कार करूनच मिळवावा लागतो.

आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत विज्ञानाच्या खोल्या आहेत, हुशार मुले-मुली आहेत, आणि किल्लारीची आठवण तर घराघरांत आहे. यांतून दहा-वीस जणांनी जरी परीक्षा दिली आणि छपरावर तार बांधली, तरी या भूमीवर पुन्हा तसा प्रसंग आला असता बाहेरून कोणी येईपर्यंत आपल्याला मुके राहावे लागणार नाही. तो प्रसंग न येवो अशीच तुळजाभवानीच्या चरणी प्रार्थना. पण तयारी असावी. आणि ती करता करता जपानचा एखादा मित्र मिळाला, तर तो नफाच!

 या विद्येतला पहिला नियम आपण सर्वांनी आज पाळलाच आहे. सर्वांना माझा त्र्याहत्तर.